वयोमर्यादा, मद्य आणि वैद्याची चिठ्ठी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मुदखेड येथे आमच्या चिकित्सालयाला लागूनच असलेल्या औषधी दुकानात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा वरचेवर येत असे. हातात माझ्याच अक्षरातील जुनी चिठ्ठी आणि तीवर त्याच्या आईकरिता लिहिलेले द्राक्षासव. चिठ्ठी पाहून दुकानातील सहायक त्याला ४५० मि.लि.ची बाटली देई. पुढे त्या माउली दुसऱ्याच तक्रारीसाठी आल्या, तेव्हा द्राक्षासव चालू आहे ना, असे मी सहज विचारले. त्या म्हणाल्या, "ते तर पहिली बाटली सरली तवाच बंद केलं की, डॉक्टरसाहेब." वही काढून पाहिली. त्या एका चिठ्ठीवर नऊ बाटल्या गेल्या होत्या.

मुलाला बोलावून घेतले. तो घाबरला नाही, हे विशेष. दोन मित्रांसोबत स्टेशनच्या मागे बसून बाटली संपवत असल्याचे त्याने सांगितले आणि वर विचारले, "ते तर औषधच हाय ना? दुकानातच मिळतंय की."

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला नीट देता आले नाही. चिठ्ठीवर मी बाटल्यांची संख्या लिहिली नव्हती, मुदत लिहिली नव्हती. दुकानदाराने ती कधी विचारली नव्हती. दोष मुलाकडे नंतर जातो, प्रथम आमच्याकडे येतो. मद्यपानाचे कायदेशीर वय किती असावे यावर राज्यात अधूनमधून मोठी चर्चा झडते. त्या चर्चेत वैद्य आणि औषधी विक्रेते सहसा प्रेक्षक असतात. वास्तविक ते त्या प्रश्नाच्या ऐन मध्यभागी उभे आहेत, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

कायद्यातील वय

आपल्या राज्यातील मद्यविषयक कायद्याचा पाया १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम हा होय. आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. तो झाला तेव्हा नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. आपल्याकडे शिंदी, ताडी आणि दारूचे गुत्ते लिलावाने दिले जात, आणि 'गुत्तेदार' हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत तेव्हापासून मुरलेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा आपल्याला लागू झाला.

या कायद्याची मूळ भूमिका बंदीची आहे. मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो आणि ठरावीक वयाखालील व्यक्तीस तो मिळत नाही, अशी त्याची रचना आहे. बिअर व वाईन यांसारख्या सौम्य मद्यासाठी २१ वर्षे आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे अशी मर्यादा महाराष्ट्रात आहे. २०११ साली राज्याचे व्यसनमुक्ती धोरण आले तेव्हा २५ च्या मर्यादेवर मोठा वाद झाला. अभिनेते इम्रान खान यांनी तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आपल्या शेजारच्या राज्यांत चित्र निराळे आहे. गोव्यात मर्यादा १८ वर्षांची, तर धर्माबादपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या तेलंगणात २१ वर्षांची आहे. बावीस वर्षांचा जो तरुण धर्माबादेत बेकायदेशीर ठरतो, तोच सीमा ओलांडताच कायदेशीर होतो.

याशिवाय एक कलम असे आहे की जे प्रत्येक वैद्याने पाठ करून ठेवावे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ अन्वये १८ वर्षांखालील बालकास मादक मद्य, अंमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या नियमाला अपवाद एकच आहे : अर्हताप्राप्त वैद्यकीय व्यावसायिकाचा आदेश. ज्या चिठ्ठीकडे आपण रोजची बाब म्हणून पाहतो, तिला कायद्याने एवढे वजन दिलेले आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. त्याआधी त्याला मद्य दिल्यावरून दोन मद्यालयांच्या मालक व व्यवस्थापकांवर गुन्हे नोंदले गेले, त्यांत हेच कलम लावले गेले. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर मिळालेला जामीन सर्वांना आठवतो. आपल्या व्यवसायाने आठवावे असे त्यात आणखी एक आहे : रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालविण्याची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. बालकाच्या हाती मद्य जाण्यापासून त्याच्या रक्ताच्या परीक्षेपर्यंत वाटेत किती प्रौढ माणसे उभी असतात आणि त्यांतील एकानेही नियम पाळला तर काय टळू शकते, हे या प्रकरणातून दिसले.

संहितेतील वय

वयाचा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात रुग्णपरीक्षेच्या ओघात वयाचे विभाग सांगितले आहेत. त्यांत बाल्य तीस वर्षांपर्यंत धरलेले आहे. त्याचेही दोन भाग : सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात, सोळा ते तीस या काळात धातूंची वाढ चालू असते आणि मन बहुधा अनवस्थित, म्हणजे अस्थिर असते. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या पस्तिसाव्या अध्यायात विभागणी वेगळी केली आहे. सोळापर्यंत बाल्य, विसापर्यंत वृद्धी, तिसापर्यंत यौवन आणि चाळिसापर्यंत संपूर्णता असा त्याचा क्रम आहे. दोहोंचा रोख एकच आहे. अठराव्या वर्षी शरीराची उंची पूर्ण झाली तरी घडण पूर्ण झालेली नसते. मेंदूतील संयम व निर्णय यांच्याशी संबंधित भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, असे आधुनिक मेंदूविज्ञानही सांगते.

आता चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय, मदात्ययचिकित्सा, याच्यासोबत वाचावा. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध असल्याचे तेथे सांगितले आहे. ओज गुरु, शीत, मृदू, स्थिर, स्निग्ध. मद्य लघु, उष्ण, तीक्ष्ण, आशुग, रूक्ष. मद्य हृदयात शिरून ओजाला क्षुब्ध करते आणि त्याच्या आश्रयाने असलेल्या सत्त्वाला विकृत करते, अशी संप्राप्ती आहे. प्रथम मदात हर्ष वाटतो, द्वितीय मदात विवेक सुटतो आणि तृतीय मदात मनुष्य निश्चेष्ट होतो. ज्याचे सत्त्व मुळातच अनवस्थित आहे, त्याला पहिल्या पायरीवरून दुसरीवर घसरण्यास कितीसा वेळ लागणार?

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. चरकाने मद्यपानाचे कायदेशीर वय सांगितलेले नाही. त्याने मद्य सरसकट निषिद्धही मानलेले नाही. विधिपूर्वक व मात्रेने घेतलेल्या मद्याचे गुण त्याच अध्यायात आहेत. मद्याचे समर्थक नेमका तेवढाच भाग सांगतात. परंतु तेथे अन्न, देश, काल, वय, बल, प्रकृती अशा अटींची एवढी मालिका आहे की स्टेशनमागे घोळक्याने बाटली रिती करणारा मुलगा तीतील एकाही अटीत बसत नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित मानता येत नाही, असे २०२३ साली स्पष्ट केले आहे. संहितेचा आदर राखूनही हे आजचे ज्ञान रुग्णापासून लपविता येत नाही.

२१ की २५ : दोन्ही बाजू

मर्यादा कमी करावी असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद हलका नाही. अठराव्या वर्षी मतदान करता येते, एकविसाव्या वर्षी तरुणाला विवाह करता येतो, मग पेल्यासाठी पंचविशीची वाट का पाहावी, असे ते विचारतात. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक व्यवहारी आहे. ज्या नियमाकडे सर्वच डोळेझाक करतात तो नियम सर्व नियमांचाच मान घालवतो, आणि तरुण उघड्यावरून आडोशाला जातो. आडोशाला मिळणारी दारू कोणती असते, हे २०१५ साली मुंबईच्या मालवणीत शंभरांहून अधिक मृत्यूंनी दाखविले.

मर्यादा वर ठेवावी असे म्हणणाऱ्यांकडे अमेरिकेचा अनुभव आहे. तेथे १९८४ च्या कायद्याने २१ ही मर्यादा न मानणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याची तरतूद झाली आणि १९८८ पर्यंत सर्व राज्ये त्या मर्यादेवर आली. मर्यादा वाढविणाऱ्या राज्यांत वाहन अपघात मध्यमानाने १६ टक्क्यांनी घटल्याचे तेथील अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. पंधरा वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांत पुढे अवलंबित्वाचे प्रमाण विशीत वा नंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले, असेही तेथील एका मोठ्या सर्वेक्षणात दिसले. लवकर सुरुवात हे त्याचे एकमेव कारण आहे असे यावरून सिद्ध होत नाही. घर, परिस्थिती, आनुवंशिकता हीही असतात. तरी वैद्याला एवढा संकेत पुरेसा आहे.

माझे मत विचाराल तर, बावीस वर्षांच्या तरुणाबाबत सुज्ञांत मतभेद होऊ शकतो. सोळा वर्षांच्या मुलाबाबत मात्र दोन्ही बाजू एकमत आहेत. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील १० ते १७ या वयोगटातील १.३ टक्के मुले, म्हणजे सुमारे तीस लाख, मद्य घेत होती. ही मुले कोणत्याही राज्यातील कोणत्याही मर्यादेच्या खालीच आहेत. वाद २१ आणि २५ मध्ये अडकून राहतो आणि ही तीस लाख मुले वादाबाहेर राहतात. तेथपासून आपण आरंभ केला पाहिजे.

आसव-अरिष्टांचा प्रश्न

आता आपल्या स्वतःच्या फळीकडे वळू. आसव-अरिष्ट हे आयुर्वेदाचे वैभव आहे. चरकाने सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवे मोजली आहेत. बालरोगांसाठी अरविंदासवासारखा योग आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलो आहोत. तेव्हा आसव म्हणजे दारू, हा आरोप आपण ठामपणे नाकारला पाहिजे. परंतु तो नाकारण्याचा अधिकार मात्रेमुळे मिळतो, हे विसरून चालणार नाही.

साधे गणित करू. स्वयंजनित अल्कोहोल ८ टक्के असलेल्या आसवाची २० मि.लि.ची मात्रा म्हणजे १.६ मि.लि. शुद्ध अल्कोहोल. समभाग पाण्यातून जेवणानंतर घेतलेल्या या मात्रेने कोणास मद चढत नाही. परंतु ४५० मि.लि.ची अख्खी बाटली म्हणजे ३६ मि.लि. शुद्ध अल्कोहोल. ५ टक्के तीव्रतेच्या बिअरच्या ६५० मि.लि.च्या बाटलीत ते ३२.५ मि.लि. असते. ज्या मुलाला बिअर विकणे गुन्हा ठरतो, त्याला त्याहून अधिक अल्कोहोल आपण औषध म्हणून हसतमुखाने बांधून देत असतो.

नियमकर्त्यांना याची जाणीव आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत आसव-अरिष्टांतील स्वयंजनित अल्कोहोलची कमाल मर्यादा सामान्यतः १२ टक्के ठेवली आहे. मृतसंजीवनी सुरा ३० मि.लि.हून आणि महाद्राक्षासव १२० मि.लि.हून मोठ्या बाटलीत भरू नये, असेही बंधन आहे. दारूबंदी अधिनियमाच्या कलम २४-अ ने औषधी कल्पांना सूट दिली, तीही ते कल्प मद्य म्हणून पिण्यास अयोग्य असावेत या अटीवर. आणि याचा निर्णय करण्यासाठी तज्ज्ञ मंडळाची तरतूद केली. या सवलतीमागे १९५१ चा सर्वोच्च न्यायालयाचा बलसारा प्रकरणातील निर्णय आहे. अल्कोहोलयुक्त औषधी व प्रसाधनांवर बंदी लागू करणाऱ्या तरतुदी त्या निर्णयाने अवैध ठरविल्या होत्या. म्हणजे आपल्या बाटलीला मिळालेले स्वातंत्र्य 'हे औषध आहे' या एका विधानावर उभे आहे. ते विधान आपणच खोटे पाडू लागलो तर स्वातंत्र्य फार काळ टिकणार नाही.

यात उणीव आहे ती विक्रीच्या टोकाला. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही. त्यामुळे खेड्यात किराणा दुकानाच्या फळीवर साबणाशेजारी आसवाची बाटली दिसते. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस गुजरातेतील खेडा जिल्ह्यात अशाच एका किराणा दुकानातून विकलेले आसव-अरिष्टाच्या नावाचे द्रव पिऊन किमान पाच जण दगावले; तपासात मिथिल अल्कोहोल आढळले. त्या बाटल्यांत आयुर्वेद नावापुरताच होता, पण वृत्तपत्रांत नाव आयुर्वेदाचे आले. दारूबंदी असलेल्या राज्यात हे घडले, यात एक इशारा आहे. दारूच्या दुकानाचे दार जितके घट्ट बंद होते, तितका भार आपल्या फळीवर येतो. उद्या राज्यात २१ आणि २५ च्या मर्यादा खरोखर काटेकोरपणे पाळल्या जाऊ लागल्या, तर मुदखेडचा तो मुलगा पहिल्यांदा कोणत्या दुकानाकडे वळेल?

मुलगा समोर आल्यावर

अशा मुलास रागावून हाकलून देणे सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी असते. त्याच्याशी एकट्याने बोलावे. कधीपासून, कोणासोबत, किती वेळा, रिकाम्या पोटी की कसे, वाहन चालवतो का, हे शांतपणे विचारावे. घरात कोणी पिते का, हा प्रश्न अवश्य असावा. आमच्या भागात पहाटे फुलांच्या पाट्या बाजारात पोहोचविणारी, सुट्टीत ढाब्यावर काम करणारी मुले पुष्कळ आहेत. हातात रोख मजुरी आणि भोवती पिणारी मोठी माणसे, हे त्यांचे निदान होय. दारूची विक्री वा वाहतूक करण्यासाठी बालकाचा वापर करणाऱ्यासही बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७८ ने कलम ७७ एवढीच शिक्षा सांगितली आहे, हे ढाबाचालकांच्या कानी घालावे.

चिकित्सेत दोन गोष्टींची सावधगिरी हवी. अहितकर सवय एकदम न सोडता पादांशाने सोडवावी, हा चरकाचा क्रम आपणा सर्वांस प्रिय आहे. सवय लागण्याच्या उंबरठ्यावरील मुलास मात्र हा क्रम लावण्याचे कारण नसते. त्याने सरळ थांबावे. याउलट जो रोज आणि भरपूर पितो, त्याने अचानक सोडल्यास कंप, निद्रानाश, आभास, झटके येऊ शकतात आणि ते प्राणघातक ठरू शकतात. अशा रुग्णास आपल्याकडे ठेवून न घेता नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागाकडे पाठवावे. दुसरे असे की, मद्य सोडून काही काळ राहिलेला मनुष्य एकाएकी अतिमद्यपान करू लागला तर ध्वंसक व विक्षय हे व्याधी होतात, असे मदात्ययाच्या अध्यायात आहे. 'आता महिनाभर घेतली नाही, लग्नात एक दिवस चालेल' असे म्हणणाऱ्यास हे समजावून सांगावे. व्यसनमुक्तीसाठी आसव देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. घरच्यांना १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती सहायता क्रमांक आणि बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक लिहून द्यावा.

आपल्या हाती असलेल्या गोष्टी

दारूचे दुकान गावात असावे की नसावे, हे ठरविण्याचा मार्ग महाराष्ट्रातील महिलांना आडव्या बाटलीच्या मतदानाने मिळाला आहे. वयोमर्यादा किती असावी हे विधिमंडळ ठरवील. आपल्या फळीवरील बाटली कोणाच्या हाती जावी, हे मात्र आज, कोणाच्याही परवानगीशिवाय, आपण ठरवू शकतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही काही नियम केले, ते येथे नम्रपणे मांडतो. आसव-अरिष्टाच्या प्रत्येक चिठ्ठीवर रुग्णाचे वय, मात्रा, एकूण परिमाण आणि मुदत लिहावयाची. एकदा दिलेल्या चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का व तारीख टाकावयाची, म्हणजे तीच चिठ्ठी पुन्हा चालत नाही. शक्य तेथे लहान बाटली द्यावयाची. १८ वर्षांखालील मुलगा एकटा आला तर बाटली न देता घरच्या मोठ्या माणसास दूरध्वनी करावयाचा; औषध बालकासाठीच असेल तर पालकाच्याच हाती द्यावयाचे. एकाच घरी महिन्यात दोनहून अधिक बाटल्या गेल्या तर दुकानदाराने वैद्यास कळवावयाचे. या नियमांनी आमच्या दुकानाची आसवांची विक्री घटली, हे लपविण्याचे कारण नाही. जी घटली ती औषधाची विक्री नव्हतीच, असा आम्ही त्याचा अर्थ घेतला.

तो मुलगा अधूनमधून येतो. आता आईची नवी चिठ्ठी आणतो, तीवर शिक्का पडतो, आणि पुढच्या वेळी आईच येते. त्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला नंतर दिले : "होय, औषधच आहे. म्हणूनच ते तुला मिळणार नाही." त्याला ते पटले की नाही, ठाऊक नाही, स्टेशनमागे मात्र आमच्या दुकानाची बाटली पुन्हा सापडली नाही.

या विषयावर वैद्यबंधू-भगिनींनी व औषधी विक्रेत्यांनी आपापल्या गावचे अनुभव अवश्य लिहून पाठवावेत. वर दिलेल्या नियमांत भर घालून जिल्हा शाखांनी ते एकमताने स्वीकारले, तर शासनाने आपल्यावर बंधन घालण्याची वेळ येणार नाही.